‘जुनी हत्यारं ओळखून देतो’ म्हणत घरी येणाऱ्यांपासून सावध राहा

घरातलं कारागीर माणूस गेलं की मागे हत्यारांची पेटी उरते. त्यातली निम्मी हत्यारं कशाची, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. अशाच घरांच्या शोधात काही लोक फिरत असतात. आमच्या काकूला त्यांनी कसं गंडवलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण चोरीमारी, धाकदपटशा असं वरवर काहीच न दिसता हे सगळं घडलं.

काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. ऑइल इंजिनांपासून साखर कारखान्यांच्या सुट्या भागांपर्यंत ओतीव कामावर उद्यमनगर उभं राहिलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्याआधी त्या भागाचा लाकडी पॅटर्न कोणीतरी हाताने घडवावा लागतो, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि मग त्यात रस पडतो. काका हे काम करायचे. त्यांची बरीचशी हत्यारं विलायती होती, त्यांच्या मिस्त्रींकडून त्यांच्याकडे आलेली. प्रत्येकाच्या मुठीवर काकांनी पंचने तीन ठिपके मारून ठेवले होते, म्हणजे कारखान्यात अदलाबदल व्हायला नको.

काका गेल्यावर चुलतभावाने पेटीचे फोटो काढून दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, ‘ही हत्यारं कशाची आहेत, कोणी सांगेल का?’ एवढंच विचारून. विकायचा विषयही नव्हता. त्याच संध्याकाळी एका माणसाचा फोन आला. जुन्या हत्यारांचा अभ्यास आहे, पैसे नकोत, घरी येऊन ओळखून देतो म्हणाला. आला तेव्हा घरी काकू एकटीच होती.

माणूस अत्यंत गोड बोलणारा. जमिनीवर मांडी घालून बसला, एकेक हत्यार पुसून सतरंजीवर ठेवत गेला. पटाशी, रंधा, गिरमिट ही ओळखीची हत्यारं त्याने बरोबर सांगितली. मग काकांची दोन फुटी पोलादी पट्टी उचलली, खिशातला टेप काढून तिच्याशेजारी लावला आणि काकूला दाखवलं, ‘मावशी, बघा. पट्टीवर चोवीस इंच आहे, टेपवर सव्वाचोवीस. पट्टी चुकीची आहे. काय उपयोग हिचा?’ काकूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, फरक खरंच होता. तिथून पुढे तो म्हणेल ते तिला पटत गेलं.

ती पट्टी अजिबात चुकीची नव्हती. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पट्टीवरचे इंचच मुळात मोठे आखलेले असतात. पितळेसाठी वेगळी पट्टी, पोलादासाठी त्याहून वेगळी, कारण पोलाद बिडाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. काकांच्या पट्टीवर एका कोपऱ्यात ‘1 इन 96’ असं कोरलेलं होतं. फुटाचे शहाण्णव अष्टमांश होतात, त्यात एकाची वाढ, असा त्याचा अर्थ. ते अक्षर त्या माणसाने वाचलं नसेल हे मला पटत नाही, कारण टेप लावताना त्याचा अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर होता, हे काकूला आठवतं.

गोळ्याच्या टोकाची एक लोखंडी सळई होती. ती गुरांना डागायची सळई म्हणून त्याने बाजूला टाकली. पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यांत मेण दाबून गोलाई आणायला ती गरम करून वापरतात. कोपरा तसाच धारदार राहिला तर ओतलेला भाग तिथेच तडकतो.

पण त्याची खरी नजर होती एका विचित्र रंध्यावर. त्याचा तळ सपाट नसतो, दोन बाजू काटकोनात येऊन मिळतात आणि पात्याचं टोक त्या कोपऱ्यावर असतं. ओतीव भागात पोकळी हवी असेल तर साच्यात ती जागा अडवायला वाळूचा कोअर, म्हणजे गाभा, ठेवावा लागतो, आणि तो ज्या लाकडी पेटीत घडवतात तिच्यात अर्धगोल खाच पाडायला हा रंधा. दोन्ही बाजू खाचेच्या दोन कडांवर टेकवून चालवला की कोपरा नेहमी अर्धवर्तुळावरच राहतो. अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो, हे दहावीत शिकलेलं प्रमेय त्या रंध्यात उतरलेलं आहे. मला तो लहानपणापासून फार आवडायचा. खाच मोठी असेल तर दोन्ही बाजूंना जोडायला बिडाचे जादा तुकडे असतात, नुसते पाहिले तर कुठल्यातरी मशीनचे मोडके भाग वाटतात.

त्या माणसाने रंध्याला हातही लावला नाही. ‘हा ठेवा, आठवण म्हणून छान आहे’ म्हणाला. त्याचे जोडतुकडे मात्र पट्टी, सळई आणि बाकदार मानेच्या गोल पटाश्यांसोबत ‘भंगार’ म्हणून एका ढिगात गेले. वर काकूला एक भीती घातली, ‘शंभर वर्षांच्या वर जुनी वस्तू सरकारदरबारी नोंदवल्याशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे. मी म्हणून सांगतो, उगाच भानगड नको.’ ताणकाट्यावर वजन करून लोखंडाच्या दराने 1,400 रुपये हातावर ठेवले आणि ढीग गोणीत भरून नेला.

कायद्याचं आधी स्पष्ट करतो. 1972चा पुरावस्तूंचा कायदा आहे, हे खरं. पण नोंदणी लागते ती सरकारने जाहीर केलेल्या प्रकारांची, म्हणजे शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं वगैरे. सुताराचा रंधा किंवा पटाशी त्यात येत नाही. उलट पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला मात्र त्याच कायद्याने परवाना घ्यावा लागतो. असं कोणी घाबरवलं तर त्यालाच परवाना दाखवायला सांगा.

पुढच्याच आठवड्यात दुसरा एकजण दारात उभा. जुने रंधे विकत घेतो म्हणाला, आमचा पत्ता कोणी दिला ते सांगितलं नाही. तो रंधा हातात घेऊन त्याने मान हलवली, ‘याचे बाजूचे तुकडे नाहीत, अपुरा आहे. पुरा असता तर चांगले पैसे दिले असते.’ आणि 500 रुपयांत घेऊन गेला. तुकडे हवेत हे त्याला न शोधता कळलं, आणि ते आमच्याकडे नाहीत याचीही त्याला खात्री होती.

पुढे चुलतभावाला ऑनलाइन जाहिरात दिसली. रंधा, त्याचे सगळे जोडतुकडे, लाकडी पेटीत नीट मांडलेले, किंमत 22,000. मुठीवर तीन ठिपके. दोघे वेगवेगळे होते तर तुकडे आणि रंधा पुन्हा एकत्र आले कसे?

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज घेतला, पण ‘तुम्ही स्वखुशीने विकलंय, पावती कुठे आहे?’ हा प्रश्न आलाच. खोटं सांगून एखाद्याला वस्तू द्यायला लावणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 प्रमाणे फसवणूक आहे, तसं आम्ही अर्जात लिहून दिलं. जाहिरात तेवढ्यात काढून टाकली गेली होती. भावाने स्क्रीनशॉट काढून ठेवले होते म्हणून हातात काहीतरी आहे.

मला राग पैशांचा नाही. ज्या पट्टीवर काकांनी उभी हयात मापं घेतली ती चुकीची आहे, असं त्यांच्या बायकोला सांगितलं गेलं, याचा आहे. उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींना आम्ही नंतर पट्टीचा फोटो दाखवला, तर ते लगेच म्हणाले, ‘चुकीची कुठली! मुद्दाम वाढवल्याली पट्टी हाय ती.’ आधी त्यांच्याकडे गेलो असतो तर एका चहात सगळी पेटी कळली असती. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर त्याच धंद्यातला निवृत्त माणूस शोधा, नाहीतर जवळच्या आयटीआयमधले जुने निदेशक गाठा. त्यांना विकत काही घ्यायचं नसतं. जो ओळखून देतो त्याला त्याच बैठकीत काहीही विकू नका, कितीही भला वाटला तरी.

आणि ओळख पटेपर्यंत पेटीतला एकही तुकडा हलवू नका, गंजलेला स्क्रूसुद्धा. पॉलिश पेपरने घासून चकाचक करू नका, कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा त्याच गंजाखाली असतात. फोटो ग्रुपवर टाकायचे असतील तर ओळखीच्या दोन-चार माणसांना टाका, सोबत पत्ता किंवा ‘वडील गेले’, ‘काका गेले’ असं लिहू नका. घरात एकटं वयस्क माणूस आहे, हे त्यावरून लगेच कळतं.

काकांच्या बाकीच्या हत्यारांची आता ते मिस्त्री आणि भाऊ मिळून यादी करत आहेत. मुठीवर त्रिकोणात मारलेले तीन ठिपके असलेली गोल पटाशी किंवा काटकोनी तळाचा रंधा कोणी विकायला आणला, तर विकणाऱ्याकडून नावानिशी पावती घ्या आणि कृपया कोल्हापूर पोलिसांना कळवा.