कराटे क्लासचा अनुभव : फी परवडते, ड्रेस सुकत नाही

कराटे क्लास लावायचा विचार असेल आणि मुंबईत राहत असाल तर एक प्रश्न सगळ्यात आधी विचारा, जो कोणीच विचारत नाही. कराटेची शैली शोतोकान की शितो-र्यू हे नंतर बघू, ड्रेस कुठल्या कापडाचा आहे आणि तो क्लासकडूनच घ्यावा लागतो का, हे आधी विचारा. आज लिहायला बसले कारण काल ग्रुपवर परत मेसेज आला, डिसेंबरच्या ग्रेडिंगला म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेला प्रत्येकाने क्लासचाच ड्रेस घालून यायचं, आणि माझं डोकं सटकलं.

आम्ही भांडुपला राहतो, क्लास जवळच्याच एका शाळेच्या हॉलमधे, सोम बुध शुक्र संध्याकाळी. मे महिन्याच्या सुट्टीत लेक आणि धाकटा दोघांना घातलं. महिन्याला डोई आठशे, आणि घरातला तिसरा आला तर त्याला अर्धी फी. तासभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाईल बघण्यापेक्षा चारशे रुपयात आपणच उतरावं असा सरळ हिशोब केला आणि चाळिशी ओलांडलेली मी पांढरा पट्टा बांधून दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत मागे उभी राहिले. नवऱ्याने फोटो काढले, तेवढाच त्याचा सहभाग.

फी ठीक आहे हो, इकडे सगळीकडे साधारण हेच चालू आहे. पण ड्रेस चौदाशेचा. तिघांचे बेचाळीसशे झाले, म्हणजे दोन महिन्यांच्या फीपेक्षा जास्त, आणि तेव्हा सर म्हणाले होते जाड कॉटन आहे, टिकतो. टिकतो ते खरंच, पण सुकत नाही त्याचं काय.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, या जॅकेटच्या गळ्याची पट्टी तीन चार पदरी असते आणि त्यावर उभ्या शिवणीच्या ओळीच्या ओळी. पॅन्टला आसनात एक चौकोनी तुकडा लावतात, लाथ मारताना फाटू नये म्हणून, तिथेही कापड दुपटीने. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मधली पाठ आणि बाह्या कशाबशा सुकायच्या, पण गळ्याची पट्टी आणि तो चौकोन ओल्या गोधडीसारखे गार. सोमवारी रात्री धुतलेला बुधवारी संध्याकाळी हवा, आणि तसे तीन. वन बीएचकेमधे हॉलच्या छताला असलेल्या दांडीवर तीन जॅकेट तीन पॅन्टी लटकवल्या की पंखा लावूनही घरात कुबट वास, आणि टीव्ही बघताना धाकट्याची पॅन्ट नवऱ्याच्या डोक्याला लागायची. मग इस्त्री फिरवून सुकवायचं, त्याची वीज वेगळी. जुलै संपता संपता माझ्या पट्टीवर आतून काळे ठिपके आले ते अजून आहेत, लिंबू मीठ सोडा सगळं करून झालं. न धुता घालावा तर शेजारी उभ्या राहिलेल्या पोराचं तोंड बघवत नाही.

वर आटतो. दोन साईझ मोठा घ्या असं सरांनी सांगितलं होतं, घेतला, दोन महिन्यांत लेकीच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या. ऑगस्टमधे मुलांना पिवळे पट्टे मिळाले तेव्हा मी नवीन पट्टा घामाचा म्हणून धाकट्याच्या ड्रेसबरोबर मशीनमधे टाकला, बाहेर आला तो हळदीचा ड्रेस. क्लासमधल्या मोठ्या मुली सांगतात काकू पट्टा धुवायचा नसतो, नशीब धुतलं जातं. नशिबाचं माहीत नाही, चौदाशे धुतले गेले.

मग मी धोबी तलावला गेले. सीएसएमटीला उतरून चालत, मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत तिथे पॉलिस्टर मिक्सचा पातळ ड्रेस साडेपाचशेला मिळाला, धाकट्याचा त्याहून कमी. रात्री धुतला, सकाळी कोरडा, पावसातसुद्धा. इतका आनंद मला बोनसचा होत नाही.

तो घालून गेलो आणि भांडण झालं. बाहेरचा चालत नाही, छातीवर क्लासचा लोगो हवा, शिस्तीचा प्रश्न आहे वगैरे. मी तोवर थोडं वाचून ठेवलं होतं. म्हटलं सर, हा पांढरा ड्रेस मुळात कराटेचा कुठे आहे, हा ज्युदोवाल्यांचा. शोतोकानचे गुरू फुनाकोशी १९२२ साली जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरून टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले, त्यानंतर ज्युदोच्या कपड्यावरून हा घेतला, त्याआधी ओकिनावात लोक रोजच्याच कपड्यात नाहीतर जेमतेम कपड्यात सराव करायचे, आणि ओकिनावाची हवापण आपल्यासारखीच दमट आहे. हे रंगीत पट्टे, डॅन म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या वगैरे तेपण ज्युदोकडूनच आलेलं. सर हसले. आमचे सर तसे वाईट नाहीत, ड्रेसचा धंदा वरच्या ऑफिसचा आहे असं मला वाटतं. शेवटी तोडगा निघाला, लोगोचा बॅज दीडशेला घ्या आणि बाहेरच्या ड्रेसवर शिवा. तिघांचे साडेचारशे झाले पण चालेल म्हटलं. आणि आता हा कालचा मेसेज. म्हणजे बॅजचे पैसे पण गेले.

हे एवढं लिहून ठेवलं होतं, पोस्ट करायचं राहिलं, मधे ऑक्टोबर गेला हे पण सांगायला हवं, कारण ड्रेसबद्दल माझं मत तेव्हापासून थोडं बदललंय. ऑक्टोबर हीटमधे तो पातळ पॉलिस्टरवाला घामाने पाठीला असा चिकटतो की हात वर उचलला की अख्खं जॅकेट वर येतं, पॅन्ट मांडीला चिकटून पुढचा पाय टाकवत नाही. जाड कॉटन घाम पितं, अंगापासून सुटं राहतं. आणि जोरात ठोसा मारून हात नीट थांबवला की जाड बाहीचा फट्ट आवाज येतो, तो पातळमधे येतच नाही. तो आवाज आला की कळतं ठोसा बरोबर गेला, नाही आला तर हात ढिला होता. म्हणजे सर म्हणत होते त्यात तथ्य आहे. म्हणून आता आमचं असं ठरलंय की पावसाळाभर पातळ, बाकी जाड. पण हे क्लासने स्वतःहून सांगायला हवं, मे महिन्यात जाड ड्रेस विकताना जून येणारे हे त्यांना माहीत नव्हतं का?

आता कराटेबद्दल, कारण खरं तर त्यासाठीच गेलो होतो.

सुरुवातीला फक्त उभं राहायला शिकवतात. झेनकुत्सु-दाची म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ, वजन साठ टक्के पुढे चाळीस टक्के मागे, मागची टाच जमिनीला चिकटलेली. ऐकायला सोपं वाटतं. त्यात मागून सतरा वर्षांचा ब्राऊन बेल्टवाला पोरगा ओरडतो, काकू अजून खाली. माझा डावा गुडघा आधीच कुरकुरणारा, दुसऱ्या आठवड्यात जिना उतरताना कळ यायला लागली आणि मी सोडायच्या बेतात होते. सरांनी एकदा बाजूला घेतलं, खाली बसून माझा गुडघा हाताने धरला आणि दाखवलं की तो आत पडतोय, तो पावलाच्या बोटांच्या दिशेनेच वाकायला हवा, आणि तेवढा जमत नसेल तर कमी खाली बसा, त्या पोराचं ऐकू नका. त्यानंतर कळ हळूहळू गेली. क्लास निवडताना मी आता हेच बघेन, सर पोरांच्या पायांकडे बघतात की फक्त आकडे मोजतात. इची नी सान, म्हणजे जपानीत एक दोन तीन, कोणीपण मोजेल.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, पहिला खरा काता हेयान शोदान, एकवीस हालचाली. तो जिथून सुरू होतो तिथेच संपायला हवा. आमच्या हॉलमधे जुनी चौकोनी लादी आहे, त्यामुळे लपवता येत नाही, मी प्रत्येक वेळी एक लादी पुढे संपायचे. म्हणजे जाताना पावलं मोठी, येताना दमून छोटी. लेक पहिल्यापासून बरोबर जागेवर. सर सांगतात हा हेयानचा संच इतोसू नावाच्या गुरूंनी ओकिनावातल्या शाळेतल्या मुलांसाठी बसवला, तेव्हा त्याचं नाव पिनान होतं, शंभराहून जास्त वर्षं झाली. म्हणजे मी शाळकरी पोरांचाच अभ्यास करतेय आणि तोही अजून जमत नाहीये.

पण मला सगळ्यात आवडलं काय सांगू, किआय. या कात्यात दोन ठिकाणी पोटातून ओरडायचं असतं. घरी दिवसभर दोघांवर ओरडणारी मी, हॉलमधे पंचवीस लोकांसमोर माझ्या तोंडातून शिंकेएवढा आवाज. सर म्हणाले घशातून नको, पोट आत घेत श्वास सोडा, आवाज आपोआप येईल. कधी आला ते कळलं नाही, पण एका शुक्रवारी आला आणि पुढच्या रांगेतली चार पोरं मागे वळून बघायला लागली. धाकटा घाबरलाच. त्या दिवशी रिक्षा न करता घरी चालत आलो.

सेल्फ डिफेन्सचं विचारतात सगळ्याजणी. काही महिन्यांत कोणी कोणाला लोळवत नाही, आमच्याकडे कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत अजून एक पाऊल पुढे, एक ठोसा, एक ब्लॉक, एवढंच. ज्यांना मारामारीच हवी त्यांनी क्योकुशिन ही कराटेची दुसरी शैली बघा, तिथे फुल कॉन्टॅक्ट असतं. आणि मुलांच्या आयांनो, कराटे ऑलिम्पिकमधे आहे ना हा प्रश्न सोडा, टोकियोला एकदाच होतं २०२१ मधे, पॅरिसला नव्हतं, लॉस एंजेलिसलाही नाही. दहावीचे ग्रेस मार्क मान्यताप्राप्त स्पर्धांचे मिळतात, क्लासवाले रविवारी हॉल घेऊन 'इंटरनॅशनल' लिहिलेलं मेडल वाटतात त्याचे नाही. धाकट्याला तसलं एक मिळालंय, बाराशे एन्ट्री फी होती, छान चमकतं.

ग्रेडिंगची फी मात्र पहिल्या दिवशीच विचारून घ्या, सर्टिफिकेट आणि पट्टा धरून. आम्हाला ऑगस्टमधे कळली, डोई नऊशे, आणि तिथे तिसऱ्याला अर्धी वगैरे काही नाही. दर तीन चार महिन्यांनी परीक्षा, पांढऱ्यापासून ब्राऊनपर्यंत किती रंग आहेत ते मोजा आणि तुम्हीच गुणाकार करा.

डिसेंबरला मुलं बसतील, ग्रुपवर मी विचारलंय की दीडशेच्या बॅजचं काय करायचं, दोन निळ्या टिका दिसताहेत, उत्तर नाही. इतर चार पालकांनी अंगठे दिलेत तेवढे. मी स्वतः या वेळी बसत नाहीये, पुढचा काता हेयान निदान, त्यात बाजूची लाथ आहे आणि ती माझी अजून गुडघ्याच्या वर जात नाही.