किंगडम ऑफ लोदिंग: काडीची माणसं अन् मांसाचा पगार

2003 पासून ब्राउझरात फुकट चालू असलेला गेम, आम्हाला परभणीत आत्ता घावला. चित्रं म्हणजे वहीच्या मागच्या पानावर काढतो तसली काडीची माणसं, अन् पैशाऐवजी चालतंय काय तर मांस! खेळायला पात्र निवडावं लागतंय, मी अकॉर्डियन चोर झालो, सुरुवातीलाच हातात चोरीचं अकॉर्डियन, म्हणजे भात्याची बाजाची पेटी. गेममधली कौन्सिल, म्हणजे कामं सांगणारी मंडळी, आधी जंगलातून डासाची अळी आणायला धाडते, मग गुत्त्याच्या तळघरातले उंदीर मारायचे, आमच्या आडतीवर बी हेच काम हाय म्हणा. लढाई पाळीपाळीनं, त्यामुळं घाई नाही, लाईट गेली तरी मोबाइलवर चालतंय. रोज 40 डाव भेटतेत, खाऊनपिऊन अजून वाढतेत, ते मला कळलं नाही अन् पहिल्या दिवशी चहा गार व्हायच्या आत सगळे संपवून बसलो. इंग्रजी कोट्या निम्म्या भाच्याला विचारल्या, बाकीच्यांवर एकटाच लई हसलो.