टीव्ही की प्रोजेक्टर? आधी पंख्याकडे बघा

रविवारी रात्री एकच सिनेमा चार घरांत पाहिला जातो आणि सोमवारी सकाळच्या लोकलमध्ये चार मतं निघतात. ‘अर्धा सिनेमा काळोखात, काही दिसलंच नाही.’ ‘फोटोग्राफी अगदी सीरियलसारखी.’ ‘संवाद पुटपुटल्यासारखे वाटले.’ ‘बरा होता, पण डोकं धरलं.’ ही सगळी मतं दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा होतात. खरं तर त्यातली निम्मी, सिनेमा ज्यावर पाहिला त्या यंत्राच्या नावावर पडायला हवीत. म्हणून ‘टीव्ही घेऊ की प्रोजेक्टर’ असं कुणी विचारलं की मी याच चार तक्रारींवरून सुरुवात करतो. फोर-के, एचडीआर वगैरेंची उजळणी करत नाही, ती दुकानदार करतोच.

हॉल १० बाय १५ चा धरू. मुंबईतल्या वन बीएचकेत याहून मोठा असेल तर तुमचं नशीब.

आकाराचं आधी उरकून घेऊ. ५५ इंची टीव्ही रुंदीला जेमतेम ४ फूट, १०० इंची पडदा सव्वासात फूट. पण बरेच सिनेमे स्कोपमध्ये, म्हणजे टीव्हीपेक्षा लांबट चौकटीत असतात, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या वजा केल्या की ५५ इंचीवर चित्राची उंची उरते २० इंच आणि १०० इंचीवर सुमारे ३ फूट. हा फरक डोळ्यांत भरतो, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र बसता किती लांब, यावर सगळं अवलंबून. चित्रानं नजरेचा ३० ते ४० अंशांचा कोन व्यापला की सिनेमा घरात ‘भरतो’. त्यासाठी ५५ इंचीपासून साडेपाच ते साडेसात फूट, ६५ इंचीपासून साडेसहा ते पावणेनऊ फूट आणि १०० इंचीपासून १० ते साडेतेरा फूट अंतर लागतं. आपला सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि हॉलच्या आडव्या बाजूला डोळ्यांपासून टीव्हीपर्यंत सात-आठ फुटांपलीकडे काही मिळत नाही. तेवढ्या अंतरात ६५ इंची टीव्ही पुरून उरतो. १०० इंची पडद्याला हॉलची लांबी लागते, शिवाय समोरच्या भिंतीवर आठ फूट सलग मोकळी जागा. त्या भिंतीकडे एकदा नीट बघा. एका बाजूला पॅसेजचं तोंड, दुसऱ्या बाजूला शोकेस, कोपऱ्यात देव्हारा. आठ फूट मोकळी भिंत ही मुंबईत चैनच म्हणायची.

आता ‘काही दिसलंच नाही’. प्रोजेक्टर उजेड फेकतो, काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे खोलीत आधीच जितका उजेड आहे तितकाच काळा. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातली ट्यूबलाइट, खिडकीच्या पडद्याच्या फटीतून येणारा रस्त्यावरचा दिवा, राउटरचे हिरवे ठिपके हे सगळं त्या काळ्यात मिसळतं. वर छत आणि भिंती पांढऱ्या असतील तर चित्राचाच उजेड त्यांच्यावरून उलटून परत पडद्यावर येतो. अंधारातला प्रसंग मग राखाडी दिसतो आणि आपण कॅमेरामनला नावं ठेवतो.

उजेडाचा आकडा घेताना एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीनं मोजलेला उजेड विचारा. खोक्यावर नुसतं ‘९००० लुमेन’ लिहिलेलं असेल तर ते वाचून सोडून द्या. थिएटरमध्ये पडद्याची प्रमाण प्रखरता प्रति चौरस मीटर ४८ कँडेला धरतात. खरे ५०० एएनएसआय लुमेन १०० इंची मॅट पांढऱ्या पडद्यावर पडले तर हिशेबानं ५५ ते ६० मिळतात, म्हणजे काळोख पक्का असेल तर पुरेसं. पण रंग नीट यावेत म्हणून सिनेमा मोड लावला की त्यातला बराच उजेड गळतो, त्यामुळे खरेदी करताना दुप्पट धरून चाला. साधा एलईडी टीव्ही सहज ३०० पर्यंत जातो, म्हणून दुपारी तीन वाजता बाल्कनीचं दार उघडं ठेवूनही सिनेमा पाहता येतो.

टीव्हीही अगदी निर्दोष नाही. एलईडी टीव्हीच्या पॅनेलचे मुख्य प्रकार दोन: आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पॅनेलवर काळा रंग फिका पडतो, व्हीए पॅनेलवर गडद राहतो, पण व्हीएला बाजूनं पाहिलं की रंग उडतात. समोर तीन माणसं बसणार असतील तर व्हीए घ्या. हॉलभर जमिनीवर, मोड्यांवर मंडळी पसरणार असतील तर आयपीएस. बजेट असेल तर ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि विझतो) घेऊन दोन्ही कटकटींतून सुटा. आणि कुठलाही टीव्ही आणला की पहिल्या दिवशी ऊर्जा बचत आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे प्रखरता बदलणारा सेन्सर बंद करा. दिवे मालवल्यावर ‘सिनेमा आणखी काळोखात गेला’ असं वाटतं, ते या सेन्सरचं काम.

‘सीरियलसारखी फोटोग्राफी’ हा मात्र शंभर टक्के टीव्हीचा गुन्हा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच बनवून घुसवतो, हालचाल गुळगुळीत होते, आणि गुळगुळीत हालचालीची सवय आपल्या डोळ्यांना मालिका आणि क्रिकेटनं लावलेली. कुठे ट्रूमोशन, कुठे मोशनफ्लो, कुठे ऑटो मोशन प्लस, नावं वेगळी, उपद्रव एकच. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, शार्पनेस शून्याजवळ आणा, नॉइज रिडक्शन बंद करा. मेणाचे चेहरे दिसतात ते याच नॉइज रिडक्शनमुळे. फिल्ममेकर मोड असेल तर यातलं बहुतेक एका बटणात होतं. एक मेख आहे. ही सेटिंग्ज बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी आणि आतल्या ॲपसाठी वेगळी साठवली जातात. सेट टॉप बॉक्सवर केलं म्हणजे ओटीटीवर झालं असं समजू नका.

संवादांच्या बाबतीत दोघेही नापास. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, शब्द भिंतीला आपटून येतात. प्रोजेक्टरचं तर त्याहून विचित्र, चित्र समोर आणि आवाज डोक्यामागून. दोन्हीकडे वेगळा साउंडबार लागतोच, त्याचे पैसे आधीच बाजूला काढा. टीव्हीला तो एचडीएमआय एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या पोर्टच्या, एका केबलनं लागतो. प्रोजेक्टर मागे आणि साउंडबार पुढे असल्यानं भिंतीच्या कडेनं दहा मीटर केबल ओढावी लागते. ब्लूटूथनं जोडाल तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये आणखी एक गोम असते. वाइडवाइन या कॉपी रोखणाऱ्या यंत्रणेचं एल-वन प्रमाणपत्र नसेल तर मोठे ओटीटी त्यावर ४८० पीच्या वर चित्र देत नाहीत. शंभर इंचांवर ४८० पी म्हणजे पावसात भिजलेलं पोस्टर. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावली की सुटतं.

डोकेदुखीचं थोडक्यात. एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये रंगांचं चाक फिरतं आणि लाल-हिरवा-निळा एकामागून एक येतात. काहींना काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्य चमकताना दिसतं. बहुतेकांना काहीच दिसत नाही. घेण्याआधी श्रेयनामावलीचा भाग लावून नजर झटकन डावी-उजवीकडे फिरवून बघा. दिसलं तर थ्री-एलसीडीवाला घ्या, त्यात तिन्ही रंग एकाच वेळी पडतात.

जुने मराठी सिनेमे आवडीनं पाहणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. प्रभातच्या काळातलं चित्र जवळजवळ चौकोनी. यूट्यूबवर त्यांच्या ज्या प्रती मिळतात त्या बहुधा कमी रेझोल्यूशनच्या, वर कॅसेटवरून उतरवलेल्या असतील तर कडा आधीच विरघळलेल्या. शंभर इंचांवर हे सगळे दोष चार फूट उंच होऊन समोर उभे राहतात. ५५ इंचीवर तेच चित्र ३ फूट रुंद दिसतं आणि खपून जातं. फक्त ‘वाइड’ लावून ते ताणू नका, सगळी पात्रं एकाएकी जाडी होतात.

इथवर दोघांची बरोबरी, किंवा प्रोजेक्टर अर्धं पाऊल पुढे म्हणा. काळोख झाला, पडदा उजळला की जे वाटतं ते टीव्ही देत नाही, हे मला मान्य. माझा निर्णय केला तो छताच्या पंख्यानं.

हिशेब करून बघा. बऱ्याच घरगुती प्रोजेक्टरांचा थ्रो रेशो १.२ च्या आसपास असतो, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या १.२ पट अंतर. सव्वासात फुटांसाठी पावणेनऊ फूट. १५ फुटी हॉलचा मध्य साडेसात फुटांवर, आणि पंख्याचा हूक स्लॅब टाकतानाच तिथे बसवलेला. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट पसरतं. म्हणजे पडद्यापासून साडेपाच ते साडेनऊ फुटांपर्यंतचं छत पंख्याचं. प्रोजेक्टर छताला लावायची नेमकी जागा पात्यांच्या आत येते! १.५ रेशोचा घेतलात तर तो जातो अकरा फुटांवर, पात्यांच्या बाहेर, पण छताला चिकटवलेला असेल तर झोत पात्यांतून जातो. तीन पाती, मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा चित्राच्या वरच्या भागावर सावली. दोन मिनिटं कळत नाही, नुसतं काहीतरी फडफडतंय असं वाटत राहतं.

मग पाइप लावून प्रोजेक्टर खाली आणायचा. पाती छतापासून साधारण सव्वा फूट खाली असतात, म्हणजे लेन्स दीड ते दोन फूट खाली हवी. हॉलच्या मधोमध डोक्यावर लटकणारं यंत्र घरातल्या बाकीच्यांना चालेल का, हे त्यांनाच विचारा. सोफ्यामागे स्टुलावर ठेवलात तर पाणी प्यायला उठणाऱ्या प्रत्येकाची सावली पडद्यावर. वर कपाटावर ठेवून खाली झुकवलात की कीस्टोन, म्हणजे तिरपं पडलेलं चित्र सरळ करणारी सेटिंग वापरावी लागते, आणि त्यात चित्राचे पिक्सेल कापले जातात.

पंखा बंद ठेवू म्हणाल, तर प्रोजेक्टरसाठी खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले, आत पाच माणसं आणि २५० वॅटचा दिवा, वर मे महिन्यातली मुंबई. पंखा चालू ठेवलात तर गुंडाळीचा पडदा वाऱ्यानं डोलतो. कॅमेरा क्षितिजावरून फिरला की समुद्र नसलेल्या प्रसंगातही लाटा येतात. उपाय आहे, चौकटीवर ताणलेला पक्का पडदा. तो लॅमिंग्टन रोडला मिळतो, पण तो गुंडाळता येत नाही, म्हणजे ती आठ फूट भिंत कायमची गेली. भिंतीवरच पाडू म्हणाल तर प्लास्टरचे उंचवटे आणि पावसाळ्यातली ओल दोन्ही चित्रात उतरतात. भिंतीलगत ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो पंख्याच्या तावडीतून सुटतो, पण त्याचा झोत भिंतीला घासून जातो, पडद्यावरची बारीकशी सुरकुतीही डोंगर होते, आणि त्याच्या पैशांत मोठा टीव्ही येतो.

पावसाळ्याचा मुद्दा छोटा पण खरा. महिना-महिना बंद पडलेल्या प्रोजेक्टरच्या लेन्सवर बुरशी धरते. आठवड्यातून अर्धा तास चालू ठेवायचा, पिशवीत सिलिका जेल टाकायचं, फिल्टर महिन्यातून एकदा ब्रशनं झाडायचा. टीव्ही रोज लागतोच, त्यामुळे तो आपोआप कोरडा राहतो.

तेव्हा माझा कल कुठे ते लपत नाही. हॉलमध्ये पंखा मध्यभागी आणि बसायला सात-आठ फूट, अशी परिस्थिती असेल तर ६५ इंची टीव्ही आणि एक बरा साउंडबार. खोकं साडेपाच फुटांच्या आसपास असतं, लिफ्टचं दार आधी मोजा आणि ते टेम्पोत आडवं ठेवू देऊ नका. ११ महिन्यांच्या करारावर राहत असाल तर स्टँडवर ठेवा, भिंतीला भोक नको. आणि ज्या सिनेमाला खरोखर मोठा पडदा हवा, त्यासाठी दादरला प्लाझा थिएटर आहे.

बेडरूममध्ये एसी असेल, पंखा बंद ठेवता येत असेल आणि पाहणारे दोघंच असतील, तर मात्र प्रोजेक्टरचा विचार जरूर करा. १.२ रेशोवर ८० इंचांसाठी सात फूट पुरतात. हॉलमध्येच हवा असा हट्ट असेल, तर पैसे देण्याआधी एक सुतळी आणि एक सोबती घ्या. पंखा बंद करा. जिथे लेन्स येणार तिथे सोबत्याला सुतळीचं एक टोक धरायला लावा, दुसरं टोक पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला, मग वरच्या मध्याला, मग उजव्या कोपऱ्याला लावा. दर वेळी पातं हातानं सावकाश पूर्ण फिरवा. सुतळी पात्याच्या निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, कारण पंखा चालू झाला की दांडी थोडी डोलतेच.