केंद्रप्रमुख बदलताना: आतली व्यक्ती, बाहेरची व्यक्ती की दोघांची जोडी?

सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांच्या सहभागाने त्यांच्याच परिसरासाठी चालणारे रेडिओ केंद्र, चालवणाऱ्या संस्थेच्या विश्वस्त मंडळापुढे केंद्रप्रमुखांचा राजीनामा येतो, तेव्हा चर्चा लगेच जाहिरात कुठे द्यायची आणि पगार किती ठेवायचा याकडे वळते. त्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. केंद्रातल्याच एखाद्या निवेदिकेला किंवा निर्मात्याला वर आणायचे, बाहेरून अनुभवी माणूस घ्यायचा, की जबाबदारी दोघांत वाटायची? केंद्र सरकारने २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना परवाने खुले केले आणि त्यातून २००८ मध्ये म्हसवडचा माणदेशी तरंग, आजच्या तेलंगणातील झहीराबादजवळचा संगम रेडिओ अशी केंद्रे उभी राहिली. ती उभारणाऱ्या पिढीतले अनेक जण आता बाजूला होण्याच्या वयात आले आहेत, त्यामुळे हा प्रश्न पुढल्या काही वर्षांत बऱ्याच मंडळांपुढे येणार आहे.

बाहेरच्या व्यक्तीची बाजू आधी मांडतो, कारण मंडळांचा ओढा बहुधा तिकडेच असतो. तिला अनुदानाचे प्रस्ताव लिहिता येतात, लेखापरीक्षकाशी बोलता येते, केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पत्राला वेळेत उत्तर देता येते. हे गुण खरेच मोलाचे आहेत. विशेषतः परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेत प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी निधीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तेव्हापासून हिशेबातली ढिलाई परवडत नाही. मात्र बाहेरून येणाऱ्या व्यक्तीला दिलेला पगार आणि दहा वर्षे राबलेल्या निवेदिकेचा पगार यांतली दरी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळते आणि ती बोचत राहते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. मी ज्या केंद्राशी जोडलेलो होतो तिथे जुन्या केंद्रप्रमुखांच्या मोबाइलमध्ये श्रोत्यांची नावे ‘सोमवार ओवी’, ‘विहीरवाल्या मावशी’, ‘टाकीजवळचे मास्तर’ अशी साठवलेली होती. शहरातून आलेल्या नव्या प्रमुखांना यादी मिळाली, पण सोमवारी ओव्या म्हणायला येणाऱ्या आजींना आदल्या रात्री फोन करून सकाळी गाडीवर आणावे लागते, हे यादीत कुठेच लिहिलेले नव्हते. सहा आठवडे ओव्यांचा कार्यक्रम झाला नाही आणि आजींना वाटले की आता आपली गरज उरली नाही. यात कोणाचाही कामचुकारपणा नव्हता. चूक आमच्या मंडळाची होती, आम्ही हस्तांतरासाठी जेमतेम चार दिवस ठेवले होते.

आतली व्यक्ती हे सगळे जाणते. निम्मा कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागातून तयार व्हावा, ही परवान्याची अट तिच्यासाठी रोजचे काम असते. २००२ मध्ये चित्रकूटला सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ या ग्रामीण वृत्तपत्रात बातमीदार म्हणून आलेल्या ग्रामीण स्त्रिया पुढे संपादक झाल्या. अमेरिकेत माध्यम-न्यायासाठी, म्हणजे माध्यमांत सर्वांना समान हक्क मिळावा म्हणून, काम करणाऱ्या मीडियाजस्टिस या संस्थेतही संस्थापक मलकिया सिरिल यांच्यानंतर २०१९ मध्ये आधीपासून तिथेच काम करणारे स्टीव्हन रेंडेरोस यांनी सूत्रे घेतली. पण आतल्या व्यक्तीला पद देऊन मंडळ निश्चिंत होते, तिच्या प्रशिक्षणावर खर्च करत नाही आणि वर्षभरात प्रस्ताव अडकला की तिच्या कुवतीवर बोट ठेवते. हा अन्याय मी एकदा नव्हे, तर अनेकदा पाहिला आहे. शिवाय कालच्या सहकाऱ्यांना आज सूचना देणे सोपे नसते, आणि गावातली जात, भावकी, पक्ष यांचा दाब तिच्यावर बाहेरच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतो.

जोडीचा पर्याय मला सर्वांत योग्य वाटतो, पण कामांची वाटणी लेखी झाली तरच. एकीने कार्यक्रम, स्वयंसेवक आणि श्रोते पाहावेत. दुसऱ्याने हिशेब, परवाना आणि निधी. दोघांचा पगार समान असावा आणि मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, हेही आधीच ठरावे. अगदी लहान केंद्रात, जिथे चारच माणसे आहेत आणि दोन पगार निघत नाहीत, तिथे आतली व्यक्ती घेऊन हिशेबासाठी महिन्यातून चार दिवस जाणकार नेमावा. हिशेबच विस्कटलेले असतील किंवा कर्मचाऱ्यांत उभी फूट पडली असेल, तर मात्र एका वर्षाच्या मुदतीवर बाहेरची व्यक्ती आणणे बरे.

कोणताही पर्याय निवडला तरी काही कामे टळत नाहीत. जाणारी व्यक्ती विश्वस्तही असेल, तर विश्वस्त बदलल्याची नोंद करणारा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यावा लागतो. संस्थेला ग्रॅच्युइटी लागू असेल, तर सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर तिची रक्कम द्यावी लागते आणि ती अंदाजपत्रकात आधीच धरलेली हवी. प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपण्याची अट आहे, म्हणून ते कोणत्या हार्ड डिस्कवर आहे, हे दोघांना तरी ठाऊक असावे. परवान्याच्या पोर्टलचा ओटीपी जुन्या प्रमुखांच्या खाजगी मोबाइलवर येत असेल, तर तो क्रमांक निरोपसमारंभाच्या आधी बदलावा.

जुन्या आणि नव्या प्रमुखांनी निदान तीन महिने एकत्र काम करावे. पहिल्या महिन्यात नव्या व्यक्तीने सोबत हिंडावे, दुसऱ्यात दोघांनी मिळून निर्णय घ्यावेत, आणि तिसऱ्यात केंद्राचा फोन नव्या व्यक्तीनेच उचलावा. जुन्या प्रमुखांनी तेव्हा शेजारच्या खोलीत बसावे आणि विचारले तरच सांगावे.