बुद्ध पौर्णिमेचं सामान: झेंडा एक नंबर, मेणबत्त्या मात्र दुसरीकडून घ्या

तालुक्याले बस स्टँडच्या मागं पंचशील झेंडे, मूर्त्या, पांढऱ्या साड्यांचं जे दुकान आहे त्याचा रिव्ह्यू. यंदा आमच्या विहाराचं सगळं सामान तिथूनच घेतलं.

झेंड्याले पैकीच्या पैकी. बाकी ठिकाणी निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे शिवून मोकळे होतात आन सहावा पट्टा, ज्यात हेच पाच रंग एकाखाली एक असतात, तो गायबच. इथं तो बरोबर होता, शिलाई पण डबल. अरे, हा झेंडा १८८५ ले श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेलेच पहिल्यांदा फडकला, मग निदान त्या दिवशी तरी अर्धवट नको ना लावायले!

साड्या सुती आहेत, आरपार दिसत नाहीत, बायांनी पदराखाली हात घालून पाहूनच घेतल्या. आमच्याकडं म्हाताऱ्या बाया अष्टशील म्हणजे आठ नियम घेऊन उपोसथ, म्हणजे पौर्णिमेचं व्रत, करतात, दुपारी बारानंतर जेवत नाहीत, दिवसभर विहारात टिनाखाली बसतात, त्या मे महिन्याच्या उन्हात पॉलिस्टर नेसून कसं जमन सांगा.

मेणबत्त्या बेकार. गावी येईपर्यंत थैलीतच वाकल्या, वंदनेच्या वेळी एकही सरळ उभी राहीना, शेवटी पणत्या लावल्या.

मूर्त्या दाखवताना भाऊ नीट समजावून सांगतो. लुंबिनीतला जन्म, बोधगयेची ज्ञानप्राप्ती, कुशीनगरचं महापरिनिर्वाण हे तिन्ही याच पौर्णिमेचं मानतात, म्हणून तो आधी विचारते का कोणती पाहिजे. आम्ही उजवा हात जमिनीले टेकलेली घेतली, भूमिस्पर्श मुद्रा, म्हणजे ज्ञानप्राप्तीची. उजव्या कुशीवर झोपलेली पण होती, ती महापरिनिर्वाणाची. पण त्याच फळीवर लाफिंग बुद्धा काऊन ठेवला बाप्पा? तो चीनमधला बुदाई नावाचा भिक्खू, आपल्या तथागताशी त्याचा काय संबंध. बोललो तर म्हणे गिऱ्हाईक मागते. वास्तूवाल्याले विक ना, पण वेगळ्या फळीवर तरी ठेव.

खीरदानासाठी मोठा गंज पण भाड्यानं देतात. सुजातानं सिद्धार्थाले खीर दिली होती तेव्हापासून खिरीचा मान आहे, आन गावात खीर कमी पडली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागते, म्हणून एक साईज मोठाच घ्या. गंजाचा बूड जाड आहे, तांदूळ करपले नाहीत. डिपॉझिट परत मिळालं, फोनपे चालते. दुपारी दुकान बंद असते, सकाळी जा.