ऑन्कोटाइप, मॅमाप्रिंट की कॅनअसिस्ट: किमोचा निर्णय घेण्याआधी

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, रिपोर्टवर हॉर्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू (काही गाठींत जास्त असणारं वाढीचं प्रथिन) निगेटिव्ह आलंय, काखेतले नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, स्वच्छ आहेत किंवा एखाद-दुसराच लागलेला निघालाय, आणि डॉक्टर म्हणताहेत, "किमो द्यायची की नुसत्या हॉर्मोनच्या गोळ्या पुरतील, ते टेस्ट करून ठरवू." इथवर येऊन थांबलेल्या बायकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. अशा तीन टेस्ट म्हणजे ऑन्कोटाइप, मॅमाप्रिंट आणि कॅनअसिस्ट. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हॉर्मोनचे दोन्ही आणि हर-टू, तिन्ही निगेटिव्ह) गाठीसाठी या टेस्ट नाहीत, तिथे औषधांची वाटच वेगळी असते.

मी हे ठरवलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, पाळी थांबलेली होती, गाठ १.६ सेंटीमीटरची होती आणि नोड निगेटिव्ह होते. मी ऑन्कोटाइप केली. कॅनअसिस्टबद्दल मला आदर आहे आणि काहीजणींना तीच सोयीची पडेल, हे आधीच सांगते.

या टेस्ट मुळात गाठीचा स्वभाव तपासतात. २००० साली चार्ल्स पेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींमधली हजारो जनुकं किती सक्रिय आहेत ते एकत्र मोजलं, तेव्हा त्या गाठींचे आतून वेगवेगळे गट पडले. पुढच्याच वर्षी हॉर्मोनवर वाढणाऱ्या गाठींतही दोन प्रकार वेगळे दिसले: ल्युमिनल ए आणि ल्युमिनल बी. ए प्रकारातल्या पेशी इस्ट्रोजेनवर जगतात आणि सावकाश वाढतात. बी प्रकारात वाढीची जनुकं जोरात चालू असतात आणि या गाठी परत येण्याचा धोका जास्त. किमो मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींना मारते. ज्या गाठीत अशा पेशीच थोड्या, तिथे किमोला करण्यासारखं फारसं उरत नाही. इस्ट्रोजेनला रोखणारी गोळीच खरं काम करते. म्हणून सारख्याच आकाराच्या दोन गाठींत एकीला किमो वाचवते आणि दुसरीला फक्त त्रास देते. कुठली गाठ कुठली, हे ओळखायचं कसं, एवढाच प्रश्न.

ऑन्कोटाइप २१ जनुकांचा आरएनए मोजते, म्हणजे जनुक किती जोरात चालू आहे ते सांगणारा रेणू. त्यातली ५ जनुकं तुलनेसाठी असतात, १६ कामाची. त्यांचे गट केलेले आहेत आणि प्रत्येक गटाला ठरावीक वजन आहे. केआय-६७, सर्व्हायव्हिन, सायक्लिन बी-१ वगैरे वाढीच्या गटाचं वजन अधिक १.०४, तर इस्ट्रोजेनच्या गटाचं वजा ०.३४. म्हणजे वाढीचा जोर आकडा वर नेतो आणि हॉर्मोनवरचं अवलंबित्व तो खाली आणतं. शेवटी ० ते १०० मधला एक आकडा हाती येतो. मॅमाप्रिंट अॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून आली. ती ७० जनुकं मोजते आणि मुख्य निकाल 'लो' किंवा 'हाय' असा देते. कॅनअसिस्ट बंगळुरूच्या ऑन्कोस्टेमची, म्हणजे मंजिरी बाकरे यांच्या कंपनीची. ती आरएनए मोजत नाही. सीडी-४४, एन-कॅडहेरिन, पॅन-कॅडहेरिन आणि एबीसीसी-४, एबीसीसी-११ या पाच प्रथिनांचे स्टेन करून पाहते, त्यात गाठीचा आकार, ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची श्रेणी) आणि नोडची स्थिती घालते, आणि संगणकाकडून स्कोअर काढून घेते. १५.५ पर्यंत लो रिस्क, त्यापुढे हाय.

माझा निर्णय अडला तो त्या ग्रेडपाशी.

पहिल्या रिपोर्टात ग्रेड २ आणि केआय-६७, म्हणजे वाढीच्या मार्गावर असलेल्या पेशींचं प्रमाण, १२ टक्के होतं. दुसरं मत घ्यावं म्हणून त्याच ब्लॉकच्या (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्याच्या) स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजीत दिल्या. तिथून ग्रेड ३ आणि केआय-६७ २४ टक्के असं आलं. एक डॉक्टर गोळ्यांकडे झुकले, दुसरे किमोकडे. त्या आठवड्यांत घरात दुसरा विषय नव्हता. मला कुणालाही दोष द्यायचा नाही. ग्रेड काढताना पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी पाहतात: पेशींनी नलिका किती धरल्या आहेत, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि किती पेशी विभागताना दिसतात. प्रत्येकीला १ ते ३ गुण. बेरीज ७ झाली की ग्रेड २, आणि ८ झाली की ग्रेड ३. एका गुणाचा फरक दोन अनुभवी डोळ्यांत सहज पडू शकतो. केआय-६७ चंही तसंच: त्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये सांगितलं की ५ टक्क्यांपर्यंत किंवा ३० आणि त्यापुढे असेल तरच त्यावर निर्णय टेकवावा. मी बरोबर मधल्या पट्ट्यात होते.

आता कॅनअसिस्टकडे पाहा. स्टेन त्यांच्या एकाच लॅबमध्ये होतात, तेव्हा गल्लोगल्ली वेगळं वाचलं जाण्याची भीती तिथे कमी. पण ग्रेड तुमच्या हातातल्या रिपोर्टातूनच जाते. माझ्या हातात दोन रिपोर्ट होते. कुठली ग्रेड पाठवायची, हेच मला ठरवता येईना. ज्या गोष्टीवर मतभेद आहे तीच टेस्टच्या आत घालायची, हे मनाला पटलं नाही.

मॅमाप्रिंट स्वतः ग्रेड विचारत नाही. मात्र तिच्यामागचा मोठा अभ्यास, ६,६९३ बायकांचा माइंडॅक्ट, क्लिनिकल रिस्क (आकार, ग्रेड, नोड वगैरेंवरून काढलेली) आणि जनुकांची रिस्क शेजारी ठेवूनच वाचावा लागतो. दिसायला धोकादायक पण जनुकांनी लो निघालेल्या ज्यांनी किमो घेतली नाही, त्यांच्यातल्या ९४.७ टक्के पाच वर्षांनी दूर कुठे आजार न पसरता होत्या. दिलासा देणारा आकडा आहे. पण त्या अभ्यासाच्या हिशेबात १.६ सेंटीमीटरची नोड निगेटिव्ह गाठ ग्रेड २ असेल तर क्लिनिकल लो, आणि ग्रेड ३ असेल तर हाय. पुन्हा तिथेच.

ग्रेड २ ही मुळात मधली जात नसावी, असंही वाचलं. ब्रसेल्सच्या ख्रिस्तोस सोतिरिऊ यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की ग्रेड २ च्या बऱ्याच गाठी जनुकांच्या पातळीवर ग्रेड १ सारख्या किंवा ग्रेड ३ सारख्या वागतात. तेव्हाच माझं मन वळलं: डोळ्यांना जे ठरवता येत नाही, ते आरएनएलाच विचारावं.

ऑन्कोटाइपचा आकडा ग्रेडशिवाय निघतो, आणि तिच्यामागे टेलरएक्स हा मोठा अभ्यास आहे. २०१८ साली निकाल आला. ११ ते २५ स्कोअरच्या ६,७११ बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं, एका गटाला फक्त हॉर्मोनची औषधं, दुसऱ्याला सोबत किमो. नऊ वर्षांनी दूर आजार न पसरलेल्या बायका फक्त हॉर्मोनच्या औषधांच्या गटात ९४.५ टक्के, किमोच्या गटात ९५.०. कॅनअसिस्टचे अभ्यास जुन्या ब्लॉकवर टेस्ट करून, त्या बायकांचं पुढे काय झालं त्याच्याशी ताडलेले आहेत. आजार परत येण्याचा धोका त्यातून कळतो. किमोने माझा फायदा किती होणार, हा प्रश्न अशा चिठ्ठ्या टाकल्याशिवाय नीट सुटत नाही, असं मला वाटतं.

ऑन्कोटाइपच्या खटकणाऱ्या बाजूही आहेत. ब्लॉक कॅलिफोर्नियाला जातो आणि वाट पाहताना जीव टांगणीला लागतो. खर्च लाखांत जातो, कॅनअसिस्ट त्याहून बऱ्याच कमीत भागते. शिवाय टेलरएक्समधल्या बायका अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि पेरूमधल्या होत्या, आणि कॅनअसिस्ट आपल्याकडच्या रुग्णांवर उभी राहिली आहे. ग्रेडबद्दल सगळ्यांचं एकमत असेल आणि पैशांची ओढाताण होणार असेल, तर टेस्टच न करता सरसकट किमो घेण्यापेक्षा कॅनअसिस्ट करणं मला कितीतरी बरं वाटतं.

पाळी चालू असेल तर माझ्या अनुभवावर जाऊ नका. टेलरएक्समध्ये पन्नाशीपर्यंतच्या बायकांना १६ ते २५ स्कोअरवर किमोचा थोडा फायदा दिसला. ऑन्कोटाइपच्याच आरएक्सपॉन्डर या २०२१ च्या अभ्यासात, एक ते तीन नोड लागलेल्या आणि पाळी चालू असलेल्या बायकांत, स्कोअर २५ पर्यंत असूनही किमो घेणाऱ्यांचं पाच वर्षांनंतर बरं चाललं होतं: आजार परत न आलेल्या ९३.९ टक्के, किमो न घेणाऱ्यांत ८९.०. त्यातला काही फायदा किमोने अंडाशय बंद पडल्यामुळे असावा, असं अनेक तज्ज्ञांना वाटतं. अशा वयात एकच आकडा सगळं सांगत नाही, आणि अंडाशय दाबण्याच्या इंजेक्शनांबद्दल वेगळं बोलावं लागतं.

माझा आकडा १७ आला. दोन्ही डॉक्टर गोळ्यांवर एकमत झाले आणि लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन रोखणारी गोळी सुरू झाली.

कुठलीही टेस्ट मागवण्याआधी तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना एवढं विचारून ठेवा: कितीपर्यंत आकडा आला तर तुम्ही किमो देणार नाही, आणि कितीच्या पुढे नक्की द्याल? मी हे विचारलं तेव्हा त्यांनी दोन्ही आकडे फाइलवर लिहून दिले. कुठल्याही आकड्याला उत्तर किमोच असेल, तर टेस्टचे पैसे ठेवून द्या, औषधांना लागतील.