डाळिंबाच्या बागेसाठी सौर झटका मशीन: सहा महिन्यांचा अनुभव

आमच्या डाळिंबाच्या बागेभोवती गेल्या ऑक्टोबरात सौर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारे सौरऊर्जेवरचे यंत्र, बसवले. रानडुकरांचा उपद्रव होताच, पण तोडणीला आलेला माल रातोरात उतरवून नेणाऱ्या चोरांनी अधिक नुकसान केले होते. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही; ते विकताना मिळालेल्या सल्ल्याबद्दल गंभीर तक्रार आहे.

यंत्र साधारण सेकंदाला एकदा टक् असा आवाज करत तारेत विजेचा ठोका सोडते. दाब हजारो व्होल्टचा असला, तरी मानकानुसार ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा अधिक टिकत नाही आणि मधल्या वेळात हात सुटतो. थेट लाइनीचा 230 व्होल्टचा प्रवाह अखंड असल्याने माणूस तारेला चिकटतो आणि मरतो. मार्चअखेर जमीन वाळल्यावर झटका मंदावला. अर्थिंगच्या सळ्यांपाशी दोन घागरी पाणी ओतले आणि तारेला टेकलेले गवत कापले, तेव्हा तो पूर्ववत झाला. माहितीपत्रकात याचा उल्लेख हवा होता.

मशीन गाडीत ठेवताना विक्रेता म्हणाला, "चोराची खोड मोडायची तर रात्री मोटारीच्या लाइनीतूनच करंट सोडा, जागा तुमची, माल तुमचा, कायदा काही करत नाही." हे साफ खोटे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 नुसार मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंतचा हक्क जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवण्याच्या इमारतीला आग वा स्फोटकाने पोहोचवलेली हानी, आणि मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, नुकसान किंवा गृह-अतिक्रमण एवढ्यांपुरताच आहे. उघड्या रानातून फळे नेणारा चोर एरवी यात बसत नाही. शिवाय बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्यास कलम 37 मनाई करते. तारेला तर समोर चोर आहे की रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, हेही कळत नाही.

बिहारमधील एका घरमालकाने परक्यांनी आपले शौचालय वापरू नये म्हणून वाटेत उघडी विद्युत तार लावली होती. स्वतःच्या शौचालयाची भिंत पडल्याने तिकडे आलेली शेजारीण त्या तारेचा धक्का बसून मेली. मालमत्तेच्या बचावाचा त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली, चेरुबिन ग्रेगरी खटल्यात, फेटाळला आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली. आज त्या गुन्ह्याला कलम 106 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मृत्यू घडेल याची जाणीव सिद्ध झाली तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागू शकते.

मशीन अवश्य घ्यावे, पण सायरन जोडलेलेच. धोक्याची पाटी दुकानदाराने दिली नाही. ती मी रंगवून घेतली. फेब्रुवारीत पहाटे सायरन वाजला, आम्ही 112 ला फोन करून विजेरी घेऊन बांधावर पोहोचलो, तेव्हा तारेपलीकडे दोन रिकामे क्रेट आणि एक चप्पल पडलेली होती.